टपालाची पेटी बदलताना

नवं स्वयंपाकघर केलं की पहिला महिनाभर मिठाचा डबा सापडत नाही. ओटा चकचकीत असतो, कप्पे भरपूर असतात, पाहुण्याबाया कौतुक करून जातात. पण फोडणी तडतडायला लागली की हात जातो तो जुन्याच जागी. ई-मेल आणि दिनदर्शिकेचं सॉफ्टवेअर बदललं की माणसं जी कुरकुर करतात, ती याच जातीची असते असं संगणकवाली मंडळी धरून चालतात. बंगळूरला कंपनीत असलेला मुलगा फोनवर हसत सांगतो, ‘‘स्वल्प ॲडजस्ट माडी, अप्पा!’’ आणि इकडे घरातली अज्जी निकाल देऊन टाकते, ‘‘होसदु ब्याड, हळेद इरली.’’ नवं नको, जुनंच असू दे.

वाचकहो, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. डबा न सापडणं ही सवयीची गोष्ट. तिला महिनाभर द्यावा. पण डब्यातलं मीठच गेलं असेल तर ती सवयीची गोष्ट राहत नाही. नव्या सॉफ्टवेअरबद्दल जगभरच्या ग्राहकांनी वेळोवेळी जी मतं दिली, त्यांत या दोन्ही जातींच्या तक्रारी आहेत. त्या निवडून वेगळ्या करता आल्या, तर आपल्या घरातला बदलही सोपा होतो.

जीमेलचंच बघा. ते आलं १ एप्रिल २००४ रोजी. त्या काळी हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी जागा फुकट देत असे. दर आठवड्याला जुनी पत्रं पुसल्याशिवाय नवं पत्र आत येत नसे. अशा वेळी जीमेलनं एकदम १ जीबी देऊ केली आणि तारीख एप्रिल फूलची, तेव्हा अनेकांना ती थट्टाच वाटली. जागेवर सगळे खूश होते. तक्रारी होत्या त्या दोन. एक म्हणजे, एकाच विषयावरची सगळी पत्रं एका गाठोड्यात बांधून दाखवण्याची पद्धत. दुसरी, पत्रातले शब्द यंत्रानं वाचून त्याप्रमाणे बाजूला जाहिराती लावण्याची. पहिल्या तक्रारीवर कंपनी बरीच वर्षं ‘सवय होईल’ म्हणत राहिली आणि शेवटी २०१० मध्ये गाठोडं सोडून ठेवण्याची सोय तिला द्यावी लागली. दुसऱ्या तक्रारीला आणखी वेळ लागला. जाहिरातींसाठी पत्रांतला मजकूर यापुढे तपासणार नाही, असं गूगलनं जाहीर केलं ते २०१७ मध्ये. म्हणजे ग्राहकाचं म्हणणं नेमकं असेल आणि तो ते सोडत नसेल, तर उशिरा का होईना, ऐकलं जातं.

हॉटमेलची गोष्ट याहून वेगळी. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ते सुरू केलं ४ जुलै १९९६ रोजी. भाटियांचं शाळकरी वय बंगळूरमध्ये गेलं, म्हणून कर्नाटकातल्या आपल्या लोकांना या नावाचं थोडं जास्तच अप्रूप. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं. पुढे २०१२ मध्ये आउटलुक डॉट कॉम आलं आणि २०१३ मध्ये हॉटमेलची सगळी खाती तिकडे हलवली गेली. रंग बदलला, पाटी बदलली, पण लोकांचा जुना हॉटमेलचा पत्ता तसाच चालू राहिला. लग्नपत्रिकेवर छापलेला, बँकेत दिलेला, अमेरिकेतल्या भाचीनं वहीत लिहून ठेवलेला पत्ता चालतोय म्हटल्यावर बाकीचं माणूस सोसतो. हल्लीचं उदाहरणही तेच सांगतं. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर हलवल्याच्या बातम्या आल्या. तिथेही आतलं यंत्र बदललं आणि सरकारी पत्ते तेच राहिले.

आता सगळ्यात दमवणारा अनुभव. ज्यांच्या घरी २००० च्या सुमारास पहिला संगणक आला, त्यांनी टपालाच्या किती पेट्या बदलल्या ते बोटांवर मोजा. विंडोज ९८ आणि एक्सपीवर आउटलुक एक्सप्रेस होतं. २००७ मध्ये व्हिस्टा आलं, त्यात विंडोज मेल. विंडोज ७ मध्ये तेही नाही. विंडोज लाइव्ह मेल वेगळं उतरवून घ्या. त्याचा आधार कंपनीनं जानेवारी २०१७ मध्ये काढून घेतला. तोवर विंडोज १० बरोबर मेल आणि कॅलेंडर आलं होतं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्याचीही मुदत संपली आणि ‘नवं आउटलुक’ घ्या असं सांगण्यात आलं. पाच पेट्या झाल्या! एवढ्या काळात आपण घराला रंगसुद्धा पाच वेळा दिलेला नसतो.

या पाचव्या पेटीबद्दल ग्राहक काय म्हणतात? जुनं कॅलेंडर साधं होतं, पटकन उघडत होतं. नवं म्हणजे खिडकीत बसवलेलं संकेतस्थळच आहे, असं अनेकांचं मत. फुकटच्या खात्यात पत्रांच्या यादीतच जाहिराती दिसतात, हा दुसरा राग. पहिल्यापहिल्यांदा इंटरनेट नसताना काम करण्याची सोय नव्हती. ओरड झाल्यावर ती पुढे दिली गेली. खानापूरकडच्या गावांत पावसाळ्यात नेट कधी येतं नि कधी जातं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तक्रारीचं वजन सांगायला नको. सर्वांत गंभीर तक्रार अशी की, दुसऱ्या कंपनीचं ई-मेल खातं यात जोडलं तर त्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवरही जाते. तशी सूचना पडद्यावर येते, पण ती वाचतो कोण? २०२३ मध्ये जर्मनीच्या माहिती-संरक्षण आयुक्तांनीही याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. ज्यांनी पैसे देऊन जुनं आउटलुक घेतलं आहे, त्यांना मात्र निदान २०२९ पर्यंत आधार मिळेल असं कंपनीनं सांगितलं आहे. त्यांनी घाई करण्याचं कारण नाही.

आता येतो मिठाच्या प्रश्नाकडे. आपल्या भागात इंटरनेट सुरुवातीला टेलिफोनच्या तारेवरून येत असे आणि मिनिटांवर बिल वाढत असे. म्हणून जोडणी करायची, सगळी पत्रं भराभर उतरवून घ्यायची, तोडायची आणि मग निवांत वाचत बसायचं, अशी रीत होती. या रीतीचं नाव पॉप. ठरवून वेगळं सांगितलं नसेल, तर यात पत्र आपल्या संगणकावर आलं की कंपनीकडची प्रत पुसली जाते. आजच्या आयमॅप रीतीत पत्र कंपनीकडेच राहतं, आपण ते कुठूनही पाहतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. दुबईला गेलेल्या मुलाचं पहिलं पत्र, धारवाडच्या मावशीनं नातवाचा फोटो जोडून पाठवलेली चार ओळींची खुशाली, आज हयात नसलेल्या वडिलांनी टंकलेलं एखादं वाकडंतिकडं पत्र, हे सगळं अनेक घरांत माळ्यावरच्या जुन्या डब्यातच आहे. दुसरी प्रत जगात कुठेही नाही. नवी पेटी उघडली की ती रिकामी दिसते. विंडोज १० च्या मेलमध्ये तर जुन्या फायली आत घेण्याची सोयच नव्हती. मग रद्दीवाला येतो आणि डबा वजनावर जातो.

त्यात आपल्या दोन भाषांचं आणखी एक प्रकरण आहे. त्या काळी मराठी पत्र श्रीलिपीच्या अक्षरांत, कन्नड पत्र नुडी किंवा बरहमध्ये लिहिलेलं असे. समोरच्याकडे तो टंक नसला की ‘चि. सौ.’ च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. कंटाळून लोक रोमन लिपीत मराठी-कन्नड लिहू लागले. युनिकोड आलं आणि हा त्रास गेला. आज एकाच पत्रात अर्धं मराठी नि अर्धं कन्नड लिहा, दोन्ही बेळगावात आणि बोस्टनमध्ये सारखंच दिसतं. हा बदल कुणी मागे घ्या म्हटलेलं ऐकिवात नाही. जुनी पत्रं मात्र वाचायची तर तो जुना टंकही जपून ठेवावा लागतो.

दिनदर्शिकेचं म्हणाल, तर फोनमधलं कॅलेंडर कामाचं आहेच. गूगल कॅलेंडर २००६ पासून आहे. बेळगावच्या आईनं लिहिलेली डॉक्टरची वेळ हुबळीच्या लेकीला त्याच क्षणी दिसते, हे सुख लहान नाही. पण त्यात ‘दरवर्षी’ असं नोंदवलं की ते इंग्रजी तारखेला येतं. सासऱ्यांचं श्राद्ध तिथीनं असतं, ती तारीख दर साली सरकते. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला पंचांग पाहून पाच-सहा तिथी हातानंच भराव्या लागतात. पाडवा आणि युगादी दोघांचे एकाच दिवशी येतात, कारण मराठी आणि कन्नड पंचांगांची महिने मोजण्याची रीत एकच आहे. तेव्हा ही यादी एकदा केली की दोन्ही माहेरांना चालते. १९७३ पासून घराघरांत लटकलेलं ‘कालनिर्णय’ खिळ्यावरून खाली उतरलेलं नाही ते उगीच नव्हे. दुधाचा हिशेब लिहायला त्यात जागा असते, हेही आहेच!

तर बदल करण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. माझा पत्ता तोच राहणार का? जुनी पत्रं कुठे आहेत, कंपनीकडे की माझ्या डब्यात? ती बाहेर काढून पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर ठेवता येतील का? आणि नवं पसंत पडलं नाही, तर मागे फिरता येईल का? चारांची उत्तरं मिळाली की खुशाल नवं घ्या, आणि महिनाभर जुनंही शेजारी चालू ठेवा. बहुतेक कुरकुर त्या महिन्यात विरते. जी उरते ती कंपनीला लिहून कळवावी.

मुलं दिवाळीला घरी येतील तेव्हा त्यांना फराळाआधी एक काम सांगा. माळ्यावरचा डबा खाली काढा, तो सुरू होतो का बघा आणि त्यातली पत्रं नव्या जागी नेऊन ठेवा. नव्या पेटीत बटण कुठे आहे, हे अज्जीला नंतर सावकाश शिकवता येईल.