शेवटच्या नळाचे पाणी तपासा

पावसाळा लागला की वस्तीत घरोघरी जुलाब, कावीळ, टायफॉइड सुरू होतात. दवाखान्यात सल्ला मिळतो, पाणी उकळून प्या. सल्ला बरोबरच आहे. पण रोज दोन हंडे पाणी उकळायचे तर सिलिंडर किती दिवस पुरणार? नळाला शुद्ध पाणी देणे हे पालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे काम आहे. त्यांच्या कामातली कसर आपल्या चुलीवर भरून काढली जाते, हे आम्हाला मान्य नाही.

पाण्याची तपासणी होतच नाही, असे कोणी म्हणू नये. मुंबईत भांडुपला पाणी शुद्ध केले जाते. पुढे जलाशयांतून आणि वॉर्डावॉर्डातून नमुने घेऊन ते पालिकेच्या प्रयोगशाळेत तपासले जातात. किती टक्के नमुने पिण्यास अयोग्य निघाले, हे पालिकेच्या पर्यावरण अहवालात वॉर्डवार छापले जाते. गावात जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, आरोग्य कर्मचारी नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवतात. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते.

तपासणीची रीतही काटेकोर आहे. बाटली निर्जंतुक असते. पाण्यातले क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहिले तर निकाल खोटा येईल, म्हणून ते निष्प्रभ करणारे औषध तिच्यात आधीच घातलेले असते. नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत तपासायचा असतो. 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये, असे भारतीय मानक सांगते. हा जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला, म्हणजे कुठेतरी मैला पाण्यात मिसळला.

मग दुखणे कुठे आहे? आमच्या मते, बाटली कोणत्या नळाखाली भरली जाते, तिथे आहे.

जलाशयातून निघताना पाणी चांगले असते. वस्तीपर्यंत येताना पाइप गटारातून, नाल्यातून जातात. पाणी तासभर येते आणि जाते. रिकामा झालेला पाइप फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढतो. कोणी मोटार लावली तर आणखीच. वाटेत क्लोरीनही खर्ची पडते. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असा दंडक आहे. टाकीजवळच्या घरात तो पाळला जाईल, टोकाच्या घरात जाईलच असे नाही. आणि गावाच्या टोकाला बहुतेक वेळा आपलीच वस्ती असते. टाकीजवळ भरलेल्या बाटलीवर गावाला हिरवे कार्ड मिळते, आणि आपल्या घरात सलाइन लागते.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता भागात, नांदेड आणि किरकटवाडी परिसरात, जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात राहतो आणि दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या मांसातून माणसात येतो. त्यानंतर विहिरी, टँकर, घरचे नळ तपासले गेले. कोंबड्यांचेही नमुने घेतले गेले. जारचे पाणी विकणारे काही खासगी प्रकल्प दूषित निघाले आणि बंद करावे लागले. यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. विकतचे पाणी शुद्धच असते, हा समज सोडावा. आणि माणसे आजारी पडल्यावर धावपळ होते, ती आधी व्हायला हवी.

पशुपक्षीही आधी इशारा देतात. तळ्यात मासे मरून तरंगू लागले, कावळे किंवा कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लगेच कळवावे. त्यांचे नमुने तपासणे हे सरकारी खात्यांचे कामच आहे.

20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले आणि पाण्यावरचा आपला हक्क बजावला. आपल्या पाण्यात काय आहे, हे जाणून घेणे हा त्या हक्काचाच पुढचा भाग आहे. वस्ती अनधिकृत आहे, हे उत्तर कोणी देऊ नये. झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणून आमचे सांगणे असे. विहारात किंवा महिला मंडळात पाच जणींचा गट करा. नमुना वस्तीतल्या शेवटच्या नळाचा घ्या, असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाटली भरताना गटातली एक जण हजर राहू द्या. तारीख, वेळ, जागा वहीत लिहा. ओ.टी. चाचणी करून दाखवायला सांगा: नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. तपासलेले ते पाणी मात्र ओतून द्यायचे. अहवाल दिला नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

तोवर पाणी उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट राहू द्या, झाकून ठेवा, ओगराळ्याने काढा. पण उकळता उकळता अर्ज करायला विसरू नका.