पंखे फिरले, पडदा मात्र काळाच

गेल्या वैशाखात खामगावच्या आमच्या आडत दुकानासाठी नवा संगणक घेण्याचे ठरले, आणि तो तयार न घेता सुटे भाग आणून घरीच जुळवावा असा आग्रह बारावीची परीक्षा दिलेल्या माझ्या पुतण्याने धरला. थोरल्या बंधूंना ही कल्पना मुळीच रुचली नाही. ‘दुकानाचा हिशेब म्हणजे पोराचे खेळणे नव्हे,’ एवढे बोलून ते बाजार समितीत निघून गेले. मी मात्र मुलाच्या बाजूने उभा राहिलो. म्हणून पुढे जे घडले त्यात निम्मी भागीदारी माझी.

भाग अकोल्याहून आले. बैठकीतली गादी उचलून फरशीवर काम सुरू झाले, आणि सूर्य मावळण्याच्या आत, म्हणजे आमच्याकडील जेवणाच्या वेळेपूर्वी, संगणक उभा राहिला. कळ दाबली. पंखे फिरले, आत एक बारीक तांबडा दिवा लागला, पडदा मात्र काळाच. पुन्हा दाबली. तेच.

येथे एक कबुली द्यावयास हवी. जुन्या संगणकातील हार्डडिस्क काढून आम्ही ती आधीच नव्या पेटीत बसवली होती. टॅलीतील सारे खाते तिच्यावर, जीएसटीच्या विक्री विवरणपत्राची 11 तारीख चार दिवसांवर, आणि पेनड्राइव्हवरील बॅकअप फाल्गुनातला. नवे यंत्र पंधरा दिवस बिनतक्रार चालल्याखेरीज जुन्याला हात लावू नये, हे मी इतरांना नेहमी सांगत आलो आहे.

घरी जुळवणे हा काही आजचा छंद नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 2,700 निर्वात नलिका जोडून जो संगणक 1960 मध्ये चालू केला, तो आपल्या देशात घडलेल्या अगदी पहिल्या संगणकांपैकी. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. तेथील अभियंत्यांच्या तुलनेत आमच्या पुतण्यापुढे जेमतेम आठ-दहा भाग होते. पण न चालणाऱ्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाची छातीतली धडधड, माझ्या मते, तेव्हाही हीच असणार.

न चालणे तीन प्रकारचे असते, आणि ते आधी ओळखावे. कळ दाबूनही काहीच हलत नसेल, तर वीजच पोहोचत नाही: वीजपुरवठ्याच्या डब्यामागील छोटे बटन बंद राहिलेले असते, किंवा पेटीच्या कळीची बारीक वायर मदरबोर्डवरील चुकीच्या पिनांवर बसलेली असते. क्षणभर चालू होऊन लगेच बंद पडत असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे. मदरबोर्डखालचा पितळी खुंट नको त्या जागी राहिला तरी असे होते. अशा वेळी बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून पाहावा. तिसरा प्रकार आमचा, म्हणजे पंखे चालू आणि पडदा काळा. हा सर्वांत फसवा, कारण पंखे फिरले म्हणजे सारे ठीक, असे आपले मन धरून बसते.

आम्ही रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबल्या. नव्या पट्टीला जोर बराच लागतो, आणि कडेचा खटका वाजेपर्यंत ती अर्धवटच असते. मग एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत ठेवून पाहिली. पडद्याची वायर तपासली. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर एफ असतो त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते, त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. आमचा तसा नव्हता. बोर्डावरचे बटनासारखे सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवले. काही उपयोग झाला नाही.

मग पुतण्याचे लक्ष त्या तांबड्या दिव्याकडे गेले. शेजारी अगदी बारीक अक्षरांत ‘सीपीयू’ असे लिहिले होते. आम्ही त्याला शोभेचा दिवा समजलो होतो! आता प्रोसेसरच बिघडलेला निघाला, असे मानून मी विक्रेत्याला फोन लावला आणि जे बोलू नये ते बोललो. वापरलेला माल नवा म्हणून आमच्या गळ्यात मारलात, असेही म्हणालो. पुतण्या शेजारी खाली मान घालून बसला होता. पलीकडच्या गृहस्थांनी आवाज चढवला नाही. ‘काका, वरून एक फोटो पाठवा,’ एवढेच ते म्हणाले.

फोटो जाऊन मिनिट होते न होते तोच उत्तर आले. मदरबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला, प्रोसेसरच्या पंख्याआड, आठ पिनांची एक खाच रिकामी होती. मोठ्या चोवीस पिनांच्या जोडणीतून बोर्डाला आणि पंख्यांना वीज मिळते, प्रोसेसरला मात्र स्वतंत्र वायर लागते. तिचा प्लग चार-चारच्या दोन भागांत सुटतो. ग्राफिक्स कार्डाचा प्लग तसाच दिसतो, पण सहा-दोन असा सुटतो. तो येथे जोर लावून बसवू नये.

वायर बसवली, कळ दाबली, आणि पडदा पुन्हा काळाच. पुतण्याचा हात कळीकडे गेला, तोच फोनवरून आवाज आला, ‘थांबा, बंद करू नका.’ डीडीआर5 जातीची रॅम पहिल्या वेळी बोर्डाशी जुळवून घेताना काही मिनिटे घेते. दोन-तीन मिनिटांनी अक्षरे उमटली. मी त्या गृहस्थांची क्षमा मागितली, पुतण्यासमोरच मागितली.

आणखी एक गोष्ट त्याच संध्याकाळी कळली. पेटीच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत होत्या, आणि टेस्टर लावला तर तो पेटत होता. अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या पत्र्यावर असा दाब उतरतो. जुन्या वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट असते, मागे वायर मात्र दोनच. आमच्याकडे वायर होती, पण परसातल्या खड्ड्यातील काळी माती उन्हाने भेगाळून कोरडी ठक्क झाली होती आणि पट्टीचा नटही गंजला होता. दुसऱ्या दिवशी वायरमनने नट बदलला, मीठ-कोळसा भरून पाणी ओतले, टेस्टर विझला.

विवरणपत्र 10 तारखेला रात्री गेले. बंधूंनी संगणकाविषयी काही विचारले नाही, फक्त बिल कोणत्या खात्यावर टाकले तेवढे पाहिले. दर रविवारी अर्थिंगच्या खड्ड्यात एक बादली पाणी घालण्याचे काम सध्या पुतण्याकडे आहे.