म्हाताऱ्यांना खिडकी नको, आईल सीट हवी

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांना मुलं हौसेनं खिडकीची सीट घेऊन देतात. मला ही हौस पटत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान 15-16 तासांचं. त्यातला बराच वेळ खिडक्या झाकलेल्याच असतात. बघायचं काय?

गरज असते ती उठण्याची. चार तासांहून जास्त एकाच जागी बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. खिडकीशी बसलेल्या बाईला दोन झोपलेल्या परक्या माणसांना उठवायचा संकोच वाटतो. मग ती पाणीच पीत नाही. आमच्या अम्मी हेच करतात, वर सांगतात, "तहानच नव्हती."

बोइंग 777 मध्ये बहुधा 3-4-3 अशा सीटा असतात. जोडप्यानं मधल्या चौघांतल्या एका कडेच्या दोन घ्याव्यात. एकाला थेट वाट मिळते, दुसऱ्याला उठवावं लागतं ते आपल्याच माणसाला.

राग येतो तो सीट निवडण्याच्या वेगळ्या पैशांचा. सत्तरीतल्या गुडघ्यांना वाट हवी, यात चैन कसली? पण म्हाताऱ्यांचा हिशेब धरतो कोण! अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं 2019-20 मध्ये सीटचा आकार आणि विमानातून झटपट बाहेर पडणं यांची चाचणी घेतली, त्यात साठीपुढचं कुणीच नव्हतं.

हे बदलेपर्यंत मुलांनी बॅगेतल्या भेटवस्तू कमी कराव्यात आणि ते पैसे भरावेत.