पाळी लांबवायची गोळी चालते, मग माला-एनचीच भीती का?

गौरी-गणपती तोंडावर आले की गावोगावच्या मेडिकलवर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची मागणी वाढते. बऱ्याचदा चिठ्ठी नसते. नवरा नाहीतर पोरगा येतो आणि पाकीट घेऊन जातो. बाईचं बीपी किती, आधी काही आजार होता का, कुणी विचारत नाही. त्याच घरात आशाताईंनी फुकट दिलेलं माला-एनचं पाकीट मात्र फळीवर पडून असतं. कारण एकच, "त्या गोळीनं पुढं मूल राहत नाही."

खरं तर दोन्ही गोळ्या हार्मोनच्याच. माला-एनच्या २८ गोळ्यांत २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ, डोकेदुखी, मधेच डाग दिसणं असा त्रास होऊ शकतो. बहुतेकींचा तो आपोआप थांबतो. गोळी बंद केली की पुन्हा दिवस राहतात.

खरी भीती रक्ताच्या गाठीची. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना गाठ होते, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना, तर गरोदरपणात हेच प्रमाण ५ ते २० आहे. म्हणजे गोळीच्या भीतीपोटी राहिलेलं नको असलेलं गरोदरपण जास्त जोखमीचं.

तरी ही गोळी सगळ्यांसाठी नाही. बीपी वाढलेलं, आधी गाठ किंवा लकवा झालेला, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते, वय पस्तिशीपुढे आणि विडी-सिगारेटची सवय, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पितं, अशांनी माला-एन घेऊ नये. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा भरवसा राहत नाही. अशा वेळी बिगर-हार्मोनची छाया गोळी, तांबी किंवा निरोध चालेल का, ते डॉक्टरांना विचारावं.

गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, धाप लागली किंवा अंधुक दिसलं, तर थांबू नये. गोळी बंद करून थेट दवाखाना गाठावा.

घोळ गोळीत कमी आणि न विचारता घेण्यात जास्त आहे. उपकेंद्रात बीपी मोजायला पाच मिनिटं लागतात. सणासाठी गोळी आणायला जाणाऱ्या नवऱ्यानं आधी बायकोला तिथं नेलं, तर निम्मी काळजी मिटेल.