आधी हिशेब, मग इशारा

२५ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि सुरुवात केली ती साध्या हिशेबाने: सभा पहिल्यांदा भरल्याला २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस. मग संविधानाच्या मसुद्याचे श्रेय बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी आणि इतर सहकाऱ्यांना वाटून दिले, आक्षेपांना उत्तरे दिली. ऐकणाऱ्यांचा विश्वास असा कमावल्यावरच कटू भाग आला. २६ जानेवारी १९५० ला राजकारणात समता येईल. सामाजिक, आर्थिक जीवनात विषमताच राहील.

भाषण पटते ते अशा क्रमाने, हातवाऱ्यांनी नव्हे. तरीही वक्तृत्व स्पर्धांसाठी आपण मुलांकडून हातवारे घोटून घेतो, याचे मला फार वाईट वाटते. शिक्षकांनो, यंदा हे भाषण वर्गात पूर्ण वाचा.