रविवारचा ऑनलाइन धर्मवर्ग : आधी मुलांचा माइक चालू करा



मार्च २०२० मध्ये देवळं, चर्च, मशिदी, विहार सगळं बंद झालं आणि शाळेच्या पाठोपाठ मुलांचे धर्माचे वर्गही मोबाईलवर आले. आमच्या मालाडमध्ये म्हणजे एकाच रविवारी एका घरात श्लोकांचा वर्ग, पलीकडे जैन पाठशाळा, ऑर्लेमच्या बाजूला कॅटेकिझम, मालवणीत कुराणपठण. पुढे दारं उघडली, बरेच वर्ग परत जागेवर गेले. काही मात्र पडद्यावरच राहिले, कारण ते पालकांना सोयीचं पडतं. रिक्षा नको, पाऊस नको, मूल डोळ्यांसमोर.

या वर्गांपैकी कुठला चांगला नि कुठला वाईट, हे मला आज सांगायचं नाही. मला बोलायचंय ते ज्या घरांत यातला कुठलाच वर्ग लागत नाही, त्या घरांबद्दल. आपल्यातली बरीच घरं तशी आहेत. आपण वाचणारी माणसं, जातपात न मानणारी, कर्मकांडात न अडकणारी. मुलाच्या धर्माचं विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं असतं : ‘मोठा झाला की तो ठरवेल.’

ठरवेल, पण कशाच्या आधारावर? मूल मोठं होईपर्यंत ती जागा रिकामी राहत नाही. आठवड्यातून एकदाही घरात ज्या विषयावर बोलणं होत नाही, त्या विषयावर त्याला रोज तीस-तीस सेकंदांचे व्हिडिओ मिळतात, आणि ते व्हिडिओ बनवणाऱ्यांना तुमच्या उदारमतवादाशी काही देणंघेणं नसतं. मधल्या सुट्टीत मुलांची भांडणं सोडवणाऱ्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. ‘त्यांच्यात असंच असतं’ हे वाक्य सातवीतल्या तोंडात येतं, ते पाठशाळेतून किंवा मदरशातूनच येतं असं समजू नका. ज्याच्या घरी काहीच शिकवलं नाही, तोही ते तितक्याच सहज बोलतो.

शाळेने हे करावं, असं म्हणणारे आहेत. शाळेला मर्यादा आहे आणि ती असणंच योग्य आहे. संविधानाच्या २८व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल, तर अज्ञान मुलाच्या पालकांच्या संमतीशिवाय त्याला बसवता येत नाही. परिपाठात आपण प्रामाणिकपणावर गोष्ट सांगतो तेवढीच. ‘मेल्यावर आजी कुठे गेली?’ हा प्रश्न परिपाठात मावत नाही.

म्हणजे काम घराचं आणि घरांच्या एखाद्या लहानशा गटाचं. आणि हे काही परदेशी खूळ नाही. याच मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज सुरू झाला. डॉ. आत्माराम पांडुरंग, पुढे न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, चंदावरकर ही त्यातली नावं आपण इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे जातो. मूर्तिपूजा नाही आणि कुठलाही ग्रंथ चुकांपलीकडचा नाही, असं मानणारी ही माणसं. तरी त्यांनी तुकाराम-नामदेवांचे अभंग सोडले नाहीत. उपासना चालूच ठेवली. उदार असणं म्हणजे धर्माबद्दल गप्प बसणं, असं त्यांना वाटलं नाही. आपल्याला ते कधीपासून वाटायला लागलं, कोण जाणे.

त्यांच्यातले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे तर या विषयाचं रीतसर शिक्षण घेऊन आले होते. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्मीयांच्या परिषदेत भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचला, आणि परत येऊन मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. इथे त्यांनी तरुणांचा संघ काढला, उदार धर्मग्रंथांच्या वाचनाचा वर्ग सुरू केला आणि पोस्टल मिशन चालवलं. पोस्टल मिशन ही युनिटेरियन मंडळींची युक्ती. जवळपास आपल्या विचाराचं मंदिर नाही, त्या माणसाला टपालाने वाचायला पाठवायचं. विखुरलेल्या लोकांची मंडळी टपालावर बांधायची. अमेरिकेत तर १९४४ साली केवळ अशा एकट्या-दुकट्यांसाठी टपालावर चालणारं चर्च निघालं, आणि आज ते इंटरनेटवर चालतं.

टपालाचं हे इतक्या लांबणीने सांगायचं कारण आहे. उदारमतवादी घरं कधीच एका गल्लीत सापडत नाहीत. एक घर लिबर्टी गार्डनला, एक कुरारला, एक विरारला, एक नोकरीनिमित्त बंगळूरला. पारंपरिक पंथाला प्रत्येक नाक्यावर जागा मिळते, यांना मिळत नाही. म्हणून ऑनलाइन वर्गाची खरी गरज कुणाला असेल, तर ती यांना. आणि तेच तो घेत नाहीत!

आता तो घ्यायचा कसा. आजच्या बहुतेक ऑनलाइन वर्गांत शिकवणारे बोलतात, मुलं म्यूटवर असतात आणि शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं. करोनात ज्यांनी ऑनलाइन प्रार्थना किंवा कविता सामुदायिक म्हणवून पाहिली, त्यांना माहीत आहे काय होतं. आवाज मागेपुढे पोचतात, पंधरा मुलांचे पंधरा सूर, नुसता कलकलाट. मग पुन्हा सगळे म्यूट, आणि एकटे गुरुजी म्हणतात. म्हणजे एकत्र म्हणणं आणि गाणं, जे या माध्यमात सर्वांत वाईट होतं, त्यासाठीच आपण ते वापरतो. उलट जे तिथे खरोखर बरं होतं, ते करतच नाही. वर्गात कधी हात वर न करणारी मुलगी चॅटमध्ये दोन ओळी लिहिते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. ‘देव सगळीकडे आहे तर मग बाथरूममध्येपण आहे का?’ हा प्रश्न भरल्या देवळात विचारला तर हशा नाहीतर दटावणी मिळेल. आठ मुलांच्या वर्गात, आपापल्या घरात बसून, तो विचारता येतो. आणि प्रश्न उत्तम आहे हं. सर्वव्यापी म्हणजे काय, याची चर्चा तिथूनच सुरू होते.

म्हणून माझं म्हणणं असं : पडद्यावर प्रश्न, आणि गाणं जागेवर. आठ-दहा मुलांपेक्षा मोठा गट नको, पाऊण तासापेक्षा जास्त वेळ नको. एक गोष्ट सांगायची, मग माइक मुलांकडे. उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, तुम्हाला काय वाटतं?’ म्हणायचं. शिक्षकाला हे जड जातं, कारण आपला सगळा जन्म उत्तरं देण्यात गेलेला असतो. दहावीच्या वयाची मुलं वेगळी बसवा. त्यांचे प्रश्न मृत्यू, लग्न, आरक्षण, जात इथपर्यंत जातात आणि लहानांसमोर ती बोलत नाहीत.

महिन्यातून एक रविवार मात्र मोबाईल बंद आणि सगळ्यांनी बाहेर. सोफिया फॅस नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने १९४७ मध्ये एका सहलेखकाबरोबर मुलांसाठी पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘रस्त्यापलीकडचं चर्च’. शेजारच्या पंथांची ओळख करून देणारं ते पुस्तक. आपल्याला रस्ता ओलांडायलाही लांब जावं लागत नाही. मढजवळ एरंगळला जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी सेंट बोनाव्हेंचर चर्चची जत्रा भरते, तिथे ख्रिस्ती आणि हिंदू दोघंही येतात. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी आहेत : शैव लेणी, पोर्तुगीज काळात तिथेच प्रार्थनामंदिर झालं, वर मठाचे अवशेष उभे आहेत, आणि आज लेण्यात पुन्हा पूजा होते. ‘कुणी कुणाचं काय केलं?’ हे मुलं तिथे विचारणारच. विचारू द्या. तारखेवार, खरं खरं सांगा, चिडून नको आणि झाकूनही नको. आणि जाता-येता सगळ्यांनी मिळून एखादा अभंग म्हणा, चालीत, चुकत.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. हे सगळं सामान्यज्ञान झालं, धर्म कुठाय? खरं आहे. पाच धर्मांची माहिती म्हणजे श्रद्धा नव्हे. म्हणूनच वर्गाच्या सुरुवातीला दोन मिनिटं शांत बसणं, आठवड्यात कुणासाठी तरी काही करून येऊन ते सांगणं, घरी रोज जेवणाआधी एक ओळ, असा काही आचार हवा. आचार नसलेली उदारता मुलांना बेचव लागते आणि ती दुसरीकडे चव शोधायला जातात.

एक व्यवहाराची गोष्ट. वर्गाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचं नाही, मुलांचे चेहरे असलेले स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायचे नाहीत. ‘माझा देवावर विश्वास नाही’ असं बाराव्या वर्षी म्हणालेलं मूल पंचविसाव्या वर्षी त्या व्हिडिओत सापडू नये. त्याच्या मामेभावांना तर त्याच संध्याकाळी सापडू नये. पालकांनी बाजूला बसावं, पण मुलाच्या वतीने उत्तर देऊ नये. आयांनो, बाबांनो, कोपराने ढोसणं कॅमेऱ्यात दिसतं.

आणि इतकं करून मुलाने सोळाव्या वर्षी कडक चतुर्थी धरायची ठरवली तर? किंवा उलट, आजीच्या श्राद्धाला बसणार नाही म्हणाला तर? कारण विचारा, आपलं मत सांगा, आणि चतुर्थी असेल तर आदल्या रात्री साबुदाणा भिजत घाला.