शीड एका रात्रीत फाटत नाही

नोव्हेंबर आला की कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास बंदरात शिडाच्या नौकांची दाटी होते. तिथून व्यापारी वाऱ्यांबरोबर सेंट लुसियापर्यंत सुमारे २,७०० सागरी मैल जायचे. वारा पाठीशी आणि हवा उबदार, म्हणून ही वाट सोपी समजतात. शिडांचे मात्र याच वाटेवर फार हाल होतात.

मागून वारा असला की मुख्य शीड श्राउडांवर (डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारांवर) आणि स्प्रेडरांवर (त्या तारा फाकवणाऱ्या आडव्या दांड्यांवर) रेलते. नौका लाटेवर डोलते आणि कापड त्याच जागी घासत राहते, दिवसरात्र, दोन-तीन आठवडे. उन्हाने शिवणीचा दोरा आधीच कुजलेला असतो. कापड धड दिसते, पण दोरा नखाने ओढला तरी तुटतो. मग एखाद्या रात्री वाऱ्याचा झोत येतो आणि नोंदवहीत लिहिले जाते: वादळात शीड फाटले. ती नोंद अपुरी आहे.

दुसरे कारण वाऱ्याचा भास. वारा २४ नॉट आणि नौका ७ नॉटने पुढे पळत असेल, तर डेकवर १७ नॉटच जाणवतो. सगळे निवांत असतात. रीफ घ्यायला, म्हणजे शीड आखूड करायला, नौका वाऱ्याकडे वळवली की तो सगळा वारा अंगावर येतो आणि शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. न वळवता शीड उतरवायचे तर ते श्राउडांना चिकटलेले, डोलकाठीच्या खाचेतले स्लायडर अडकलेले. म्हणून रीफ उजेड असतानाच घ्यावा. रात्रीत काही मैल कमी पडतील, पडू द्यावेत. नौकेवर दोघे-तिघेच असतील तर मुख्य शीड उतरवून पुढची दोन शिडे पोलवर दोन्ही बाजूंना उघडावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही शीड फाटलेच तर ते शिवता यायला हवे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली. जून १९६८ ते एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत त्यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत शिडे हातानेच शिवली. हे काम किनाऱ्यावर जुन्या शिडावर शिकून घ्यायला हवे. मिठाळलेल्या कापडावर चिकटपट्टी टिकत नाही. आधी गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, पट्टी लावा आणि मग कडा शिवा.

आणि हॅलियर्ड, म्हणजे शीड वर चढवण्याचा दोर. डोलकाठीच्या टोकाच्या कप्पीवर दोराचा तोच तुकडा घासतो, म्हणून रोज तो थोडा सरकवावा. स्पिनेकर या पुढच्या फुगीर शिडाचा हॅलियर्ड रात्री तुटला तर शीड नौकेखाली जाऊन कील आणि सुकाणूला गुंडाळते. अशा वेळी इंजिन सुरू करू नका, कापड पंख्यात जाईल. नवा दोर ओवायला भर समुद्रात डोलकाठीवर चढणे जिवावरचे काम आहे, कारण खाली जाणवणारा प्रत्येक हेलकावा वर कितीतरी मोठा होतो. जादा हॅलियर्ड बंदरातच ओवून घ्या.